आप्पांची पावसातली मॅच

व्हिडिओ गेमचा बंद पडलेला सेट उघडला की आधी काय बाहेर येतं, सांगू? झुरळ. सेट लालबागचा असो की माटुंग्याच्या बड्या घरातला, झुरळ येणारच. आतला ट्रान्सफॉर्मर कोमट असतो, अंधार असतो, आणि खाताखाता खेळणाऱ्यांच्या हातातलं फरसाण फटींतून आत पडलेलं असतं. झुरळाला आणखी काय पाहिजे? मी सेट उघडायची तो दुकानाबाहेर फुटपाथवर, पायात चप्पल घालून. माटुंग्याच्या एक बाई दोन पावलं मागे सरून मलाच म्हणाल्या, "अय्या, आमच्याकडे तर पेस्ट कंट्रोल होतं हो!" असेल बाई. झुरळांना कुणी कळवलं नसेल.

दिवाळी अंकात लिहा म्हणून संपादकांनी गळ घातली तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी काय लिहिणार, कपाळ? पूर्वी मी टीव्हीच्या कारखान्यात सोल्डरिंग करायची. कारखाना बंद पडला तेव्हा हाताला तेवढंच येत होतं. लालबागला एका चाळीच्या जिन्याखाली गाळा मिळाला आणि मी व्हिडिओ गेम दुरुस्त करायला बसले. आजूबाजूला टीव्हीचे मेकॅनिक पुष्कळ होते, पण व्हिडिओ गेमला ते हात लावत नसत. "ही खेळणी त्या बाईकडे न्या," म्हणून माझ्याकडे पाठवायचे. त्यांना वाटायचं, मला चिडवतायत. माझं तर दुकान त्यांच्याच जिवावर चाललं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गेम ज्या प्लास्टिकच्या डबीत असायचा तिला आपल्याकडे सगळे कॅसेट म्हणायचे. कॅसेट चालली नाही की अख्ख्या मुंबईला एकच औषध ठाऊक होतं: बाहेर काढा, फू करून फुंकर मारा, परत घाला. त्या फुंकरीतला ओलावा पिनांवर बसून पिना काळ्या पडायच्या. खरा गुण यायचा तो काढून परत घालण्याने, पण हे मी कितीही ओरडून सांगितलं तरी लोक माझ्यासमोर फुंकायचे. मी पांढरा खोडरबर घेऊन पिना घासायची आणि स्पिरिटने पुसायची. अर्धं दुकान खोडरबरावर चाललं असं म्हटलं तरी चालेल.

वरळी कोळीवाड्यातली एक मावशी दरवर्षी न चुकता यायची. खारा वारा लागून तिच्या सेटच्या पिना हिरव्यागार व्हायच्या. "या वर्षी पन हिरवा झाला गो बाय," म्हणत ती सेट टेबलावर ठेवायची आणि बाजूला बोंबलाची पिशवी. दादरचे एक गृहस्थ तर फार गोड होते. कानाजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, आत काहीतरी असं करता येईल का, की आमचा मुलगा दर वेळी हरेल? म्हणजे कंटाळून अभ्यासाला बसेल." मी म्हटलं, "काका, हरणारा कधी उठतो का? पत्त्यांच्या डावात तुम्ही उठता?" काकांनी लगेच विषय बदलला. पत्त्यांचं नुसतं अंदाजाने बोलले होते, पण लागलं.

फुटबॉलच्या कॅसेटीचं गिऱ्हाईक सगळ्यांत निराळं. बाकीचे गेम एकट्याने खेळा नाहीतर दोघांनी. फुटबॉल मात्र चौघांचा. सेटला रिमोट दोनच लागायचे, त्यामुळे चौघांसाठी एक वेगळी पेटी जोडावी लागे. ती पेटी कुणाचा तरी काका नाहीतर मामा दुबईहून आणायचा, आणि मग सगळ्या मजल्याची पोरं त्याच घरात. प्रत्येकाच्या खेळाडूच्या डोक्यावर आकडा दिसायचा, एक, दोन, तीन, चार, म्हणजे आपण कोण ते कळावं. या लोकांचे रिमोट दुरुस्तीला आले की मला हसू यायचं. गोल मारायचं बटण झिजून गुळगुळीत आणि पास द्यायचं बटण कोरं करकरीत.

आणि मी स्वतः? त्या सगळ्या वर्षांत मी एकही गेम खेळले नाही. सेट लावायचा, चित्र आलं, आवाज आला, बंद करायचा, पुढचा घ्यायचा. घरी नेऊन माणसं त्याचं काय करतात, कोण हरतं, कोण रडतं, कशाचा म्हणून पत्ता नाही. आता त्याची हळहळ वाटते. इतकी वर्षं लोकांची गंमत दुरुस्त केली आणि तिच्यात डोकावून बघितलं नाही.

गाळा बिल्डरच्या घशात गेला तेव्हा मी सामान उचलून परळला घरी आणलं. वाटलं, संपलं. पण हल्ली त्या जुन्या गेमना पुन्हा भाव आलाय. चांगल्या नोकरीतले दाढीवाले बाप्ये लहानपणीचा सेट छातीशी धरून माझा जिना चढतात. त्यामुळे दारावरची बेल वाजली आणि समोर पन्नाशीची एक बाई रिकाम्या हातांनी उभी दिसली, तेव्हा मी विचारलं, "सेट कुठाय?"

"सेट नाहीये, ताई," ती म्हणाली. "मला एक मॅच पाहिजे."

तिचं नाव शुभांगी परब. सरकारी नोकरी, अँटॉप हिलच्या क्वार्टर्समध्ये घर, आणि घरात ती आणि वडील असे दोघंच. वडिलांना सगळे आप्पा म्हणतात. गिरणी कामगार. गिरणी बंद पडल्यावर चाळीच्या खोलीत बरीच वर्षं बसून काढली. बायकोच्या आजारपणात खोली विकावी लागली आणि बायको गेल्यावर लेक त्यांना आपल्याकडे घेऊन आली. आता आप्पांची आठवण जात चालली होती. सकाळ बरी जायची, पण दुपार झाली की त्यांची तगमग सुरू. "घराक जातंय," म्हणायचे आणि दार उघडून चालू पडायचे.

"समोरच्या कांबळे वहिनी दुपारी येऊन बसायच्या," शुभांगी सांगत होती. "एकदा त्या कुकर बघायला आत गेल्या, तेवढ्यात आप्पा गायब. संध्याकाळी माटुंग्याच्या मार्केटात फुलवाल्याच्या फळीवर बसलेले सापडले. वहिनी इतक्या रडल्या, म्हणाल्या, मला ही जबाबदारी नको गं. तेव्हापासून मी रजेवर आहे. पुढच्या सोमवारी रजा संपतेय."

"मग?"

तिने पर्समधून कुलूप काढून टेबलावर ठेवलं. नवं, पितळी, किल्ली त्यालाच लटकलेली.

"बाहेरून लावून जाणार. दुसरं काय करू? सगळे हेच सांगतात. पण ताई, जन्मदात्याला कोंडून ऑफिसला जायचं, माझ्या जिवावर येतंय हो."

"आणि मॅचचं काय?"

"दुपारी ते एकच मागतात, मॅच लाव. फुटबॉलची. मी सगळ्या लावल्या, वर्ल्ड कपच्या, विलायतेतल्या, आपल्या कोलकात्याच्या. बघतात आणि म्हणतात, ही न्हय. खेळाडूंच्या डोक्यावर आकडे असायचे म्हणतात. ऑफिसातला एक जण म्हणाला, हे तर व्हिडिओ गेममध्ये असतं. पण आप्पा आणि व्हिडिओ गेम? त्यांना साधा टीव्हीचा रिमोट जमत नाही."

खरं सांगते, कुलपापेक्षा त्या वेळी मला त्या मॅचचंच कुतूहल जास्त वाटलं. म्हटलं, चल, उद्या येते.

आप्पा खुर्चीत बसले होते. उंच, सुकलेले, शर्टाची सगळी बटणं लावलेले. माझं माहेर कणकवलीकडचं, त्यामुळे मी मालवणीतच सुरुवात केली.

"आप्पानू, कसली मॅच ती?"

"फुटबॉल," ते लगेच म्हणाले. "लाल आणि पांढरी. दुपारची लागा."

"खंयच्या चॅनलवर?"

"चॅनल खंयचो? अशीच लागा." मग म्हणाले, "पाऊस आसा. सारखो पाऊस. पण तेंका काय तेचा! भिजत खेळत."

"आणि?"

"मदीच सगळे थंयच्या थंय उभे रवत. बॉल हवेत लटाकलेलो. कोणाची तरी आवस जेवक हाक मारी. तेचा जेवान होयसर मॅच बंद."

शुभांगीने माझ्याकडे केविलवाणं बघितलं. "बघा ना. आईने जेवायला बोलावलं म्हणून फुटबॉलची मॅच थांबते! डॉक्टर म्हणाले, भास होतात या वयात."

"भास कसला डोंबलाचा!" मी ओरडलेच. "अगं, गेम थांबवायचं बटण असतं रिमोटवर. जेवायची हाक आली की पोरं ते दाबून उठतात. तुझे आप्पा अगदी बरोबर सांगतायत."

आप्पांना मी काय म्हणाले ते कळलं नसेल, पण त्यांनी मान हलवली. मला तर इतका आनंद झाला की विचारू नका. कोडं अर्धं सुटल्यासारखंच वाटलं. पण उरलेल्या अर्ध्याने माझ्या नाकी नऊ आणले.

पावसातल्या फुटबॉलच्या कॅसेटी किती आणि कुठल्या, हे मला ठाऊक होतं. काही गेममध्ये हवा निवडता येते, ऊन, पाऊस, चिखल. माझ्याकडच्या, ओळखीच्यांकडच्या, जेवढ्या मिळाल्या तेवढ्या पिशवीत भरून मी अँटॉप हिलला नेल्या. शुभांगीच्या भिंतीवरच्या सपाट टीव्हीला सेट जोडला. एकेक लावत गेले. एकात पावसाच्या तिरक्या रेघा, एकात डबकी, एकात चेंडू चिखलात रुतायचा. आप्पा प्रत्येक वेळी पुढे वाकून नीट बघायचे आणि मागे टेकायचे.

"ही न्हय."

चहा झाला, पुन्हा सुरू. ही न्हय. शेवटी ते उठून दाराशी गेले आणि कडी चाचपायला लागले. शुभांगीने हाताला धरून परत आणलं. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी पिशवी भरली आणि निघताना, म्हणजे अगदी चपला घालताना विचारलं, "काय गं, तुमच्या चाळीत कुणाकडे असा सेट होता?"

"शेजारच्या खोलीत होता ना, दिनेशकडे. दुपारी सगळी पोरं तिथेच. सकाळची शाळा असायची त्यांची. मी ऑफिसात असायची, पण आई सांगायची, काय धिंगाणा घालतात म्हणून. पण आप्पा तिथे जाऊन बसणं शक्यच नाही. दिनेशची आई आणि आमची आई बोलत नव्हत्या. गॅलरीतल्या दोरीवरून जे भांडण झालं ते शेवटपर्यंत. आमच्या घरातलं कुणी त्यांचा उंबरठा ओलांडला नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. एवढ्या कॅसेटी उरावर वाहून आणल्या आणि हे आधी विचारायचं सुचलं नाही.

चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि दिनेश त्यातच राहतो. कुठल्याशा कंपनीत अकाउंट्स बघतो, पोट सुटलंय, माणूस हसरा. शुभांगीचं नाव सांगितल्यावर "परबकाकांची शुभाताई?" म्हणून आधी घरात घेतलं, मग विचारलं कशाला आलात. सेट त्याने जपून ठेवला होता. पेटी, चार रिमोट, फुटबॉलची कॅसेट, सगळं जुन्या चादरीत बांधून बेडखाली.

मी गाठोडं सोडलं आणि आधी वायर बघितली. सवय. वायरीच्या टोकाला केबल वाटायचा एक छोटा डबा अजून तसाच लटकत होता. केबलची एक वायर आत आणि तीन वायरी बाहेर, असा असतो तो.

"हे इथे कुणी लावलं?" मी विचारलं.

"मीच, मावशी. टीव्ही भिंतीला चिकटलेला. दर वेळी मागे हात घालून केबल काढा, सेट लावा, परत केबल लावा. एकदा लावायचं राहिलं तर बातम्या गेल्या म्हणून बाबांनी कानफटवलं. मग मी सेटची वायर सरळ या डब्यातच घुसवली. चित्र मस्त यायचं."

"आणि या डब्यातून केबल कुणाकुणाकडे जायची?"

"आमच्याकडे, परबकाकांकडे आणि टोकाच्या खोलीत. तिघांत मिळून एकच कनेक्शन होतं."

"तुझी आई आणि परबकाकू बोलत नव्हत्या ना?"

"बोलत नव्हत्या," दिनेश म्हणाला. "पण केबल एकच होती."

मला हसू आवरेना. तो बघतच राहिला. मग त्याला समजावून सांगितलं, तुम्हालाही सांगते. हा जुना सेट म्हणजे एक चिमुकलं टीव्ही केंद्र असतं. तो आपलं चित्र एका चॅनलवर सोडतो आणि आपण टीव्ही त्या चॅनलवर लावतो. ती वायर फक्त आपल्या टीव्हीत घातली तर चित्र आपल्यापुरतं. दिनेशने ती तिघांच्या केबलमध्ये घातली. चित्र शेजारीही झिरपायला लागलं. दुपारी टीव्हीपुढे एकटे बसलेले आप्पा बटणं फिरवत असताना त्यांना फुटबॉलची मॅच सापडली. कुठल्या तरी चॅनलवर रोज लागते, असंच त्यांना वाटलं असणार. दोन घरांत बोलणंच नाही, मग कोण कुणाला सांगणार?

दिनेश बेडवर बसला. "म्हणजे काका रोज आमची मॅच बघत होते?"

"सगळी दुपार."

"अरे देवा! आणि आम्ही काय काय शिव्या द्यायचो!"

"शिव्या वायरीतून गेल्या असतील-नसतील. भिंतीतून मात्र गेल्याच असतील."

तो हसला आणि चादरीची घडी घालायला लागला. म्हणाला, "मावशी, काकांची नोकरी गेल्यावर ते कुणाशी बोलतच नसत. आम्ही त्यांना घाबरायचो." मग त्याने रुमाल काढला. मी दुसरीकडे बघितलं.

आता तुम्ही म्हणाल, मिळाली मॅच. मीही तेच म्हटलं. दिनेशचा सेट, दिनेशची कॅसेट, लाल आणि पांढरे खेळाडू, सगळं घेऊन ऐटीत अँटॉप हिलला गेले. शुभांगीच्या टीव्हीवर लावलं. आप्पा पुढे वाकले. या वेळी बराच वेळ बघत राहिले. 

"ह्येच्यात पाऊस खंय?" ते म्हणाले.

त्या कॅसेटमध्ये पाऊसच नव्हता. आधीपासून नव्हता. ऊन आणि ऊनच. दिनेशला फोन लावला तर तोही म्हणाला, "नाही हो मावशी, पाऊस कुठला?"

मी खुर्चीवर बसले आणि त्या स्वच्छ, काचेसारख्या चित्राकडे बघत राहिले. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. शेजारच्या घरात झिरपून गेलेलं चित्र स्वच्छ कसं असेल? त्यात मुंग्या असणार. टीव्हीवर बारीक पांढरे ठिपके नाचतात ना, त्या मुंग्या. दिनेशच्या घरात ऊन होतं आणि भिंतीपलीकडे आप्पांच्या घरात सगळी वर्षं पाऊस पडत होता. जन्मभर मी ज्या मुंग्या टीव्हीतून घालवत आले, त्या आता मुद्दाम आणायच्या होत्या! आणि हे नव्या टीव्हीवर होत नाही. सिग्नल कमजोर झाला की नवा टीव्ही निळा पडदा टाकून मोकळा होतो. त्याला जुना डब्बा टीव्ही लागतो. माझ्या घरात एक होता, देव्हाऱ्याखाली. त्याच्यावर मी उदबत्तीचं घर ठेवत होते.

शनिवारी मी टीव्ही टॅक्सीत घालून नेला. दिनेश आणि त्याचा त्या वेळचा खेळातला जोडीदार विकी दोघे आले होते. शुभांगीच्या हॉलमध्येच सगळं मांडलं आणि आमचं तिथेच चुकलं. आप्पांनी टीव्हीकडे बघितलंच नाही. ते जमिनीवर बसलेल्या त्या दोन बाप्यांकडे, वायरींच्या गुंत्याकडे, माझ्याकडे बघायला लागले.  "ही कोण माणसां? माका घराक जाऊक व्हया," म्हणत उठले. त्यांना सावरताना शुभांगीच रडायला लागली. म्हणाली, "राहू दे ताई. पुरे झालं. परवा सोमवार आहे. कुलूप लावते आणि जाते. माणसं करतातच ना?"

मला राग आला. तिच्यावर नाही, कुणावर ते सांगता येत नाही. दाराशी कांबळे वहिनी उभ्या होत्या. आप्पा हरवले त्या दिवसापासून त्या बाईला नीट झोप नव्हती. त्याच म्हणाल्या, "ताई, चाळीत आप्पांच्या समोर बसून कोणी खेळत होतं का? पोरं भिंतीपलीकडे होती ना?" आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. "मग माझं घर आहे की समोर. तिथे खेळा. इथे आप्पांना एकट्यांना बसू द्या."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही माझ्या दुकानात आधी यायला हवं होतं."

शुभांगीने डोळे पुसत विचारलं, हे रोज कसं जमणार? मी तिला सांगितलं, एकदा बसू देत. बसले तर मी जुना व्हीसीआर जोडून मुंग्यांसकट टेप करून देते, खेळणाऱ्यांचा दंगाही तुझ्या भिंतीला स्पीकर लावून सोडते. पण आधी ते बसतात का ते कळू दे.

रविवारी जेवणं झाल्यावर वहिनींच्या हॉलमधल्या टीव्हीला सेट लागला. तिथून वायर निघाली, जिन्यासमोरच्या पॅसेजमधून शुभांगीच्या दारातून आत, आणि केबल वाटायच्या त्या छोट्या डब्यातून आप्पांसमोरच्या जुन्या टीव्हीला. वायर जायची म्हणून दोन्ही दारं सताड उघडी ठेवावी लागली. शुभांगीचा जीव वरखाली होत होता. मी तिला जिन्याच्या तोंडाशी उभी केली. "आले बाहेर तर तू आहेसच," म्हटलं.

खेळायला चौघे हवेत आणि जुने दोघेच होते. उरलेले दोन रिमोट दिनेशने माझ्या आणि वहिनींच्या हातात दिले. माझ्या! मी म्हटलं, "अरे, मला फक्त उघडता येतं." विकी म्हणाला, "मावशी, बॉल आला की दाबा." बॉल आला, मी दाबलं, आणि आमच्याच गोलात मारला. कांबळे वहिनींनी असा काही आरडाओरडा केला की त्यांचा मुलगा स्वयंपाकघरातून धावत आला. पाच मिनिटांत त्या बाई पदर खोचून दिनेशला शिकवायला लागल्या, "अरे पास दे! दे की पास! मेल्या, एकटाच काय पळतोस!" दोन्ही बाप्ये लहान झाले होते. एकमेकांना कोपरं मारत होते आणि माझ्यासमोर गिळलेल्या शिव्या अर्ध्या बाहेर येत होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा खेळत होते आणि हरत होते, आणि मला उठावंसं वाटत नव्हतं. दादरच्या काकांना सांगायला हवं होतं की मी बरोबर बोलले होते.

मध्येच मी मान वळवून दारातून समोर बघितलं. आप्पांची खुर्ची मला तिरकी दिसत होती. समोर जुना टीव्ही, त्यावर लाल आणि पांढरे ठिपके, आणि सगळ्यावर मुंग्यांचा पाऊस. आप्पा पुढे वाकले होते. मागे टेकले नाहीत. "ही न्हय" आलं नाही.

मग ते उठले.

शुभांगी जिन्याच्या तोंडाशी ताठ झाली. दिनेशने रिमोटवरचं बटण दाबून खेळ थांबवला.  आप्पा दारात आले. उजवीकडे जिना होता, खाली रस्ता होता, रोज ते तिकडेच वळायचे. त्यांनी जिन्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि वायरीच्या कडेकडेने सरळ चालत वहिनींच्या दाराशी येऊन उभे राहिले. आम्हा चौघांना त्यांनी निरखून बघितलं. मला, वहिनींना, त्या दोन पोट सुटलेल्या बाप्यांना. ओळख पटल्याची काही खूण दिसली नाही. मग चाळीतला म्हातारा गॅलरीत दंगा करणाऱ्यांवर डाफरतो, त्या आवाजात म्हणाले,

"आवाज कमी करा रे पोरांनो. माझ्या घरात मॅच चालू आसा."

आणि वळले, आणि स्वतःच्या पायांनी घरी जाऊन बसले.